इलेक्ट्रिक की पेट्रोल? हिशेब लिटरमध्ये मांडलाय, चुका काढा

काटकसरी_किमी:
नवी गाडी घ्यायची आहे. एकाच आकाराच्या दोन गाड्यांवर गाडं अडलंय, एक पेट्रोल, एक इलेक्ट्रिक. पैशांचे आकडे मुद्दाम लिहीत नाही, कारण भाव जागोजागी वेगळे. सगळं पेट्रोलच्या लिटरमध्ये मोजलंय, म्हणजे कुणालाही आपापला भाव घालून पाहता येईल.

वर्षाला १२,००० किमी, त्यातलं ७० टक्के शहरात, बाकी हायवेवर. पेट्रोल गाडी मिळून १५ चं ॲव्हरेज देते, म्हणजे वर्षाला ८०० लिटर. इलेक्ट्रिकची बॅटरी ४० युनिटची, डिस्प्ले १०० किमीला १५ युनिट दाखवतो, म्हणजे वर्षाला १,८०० युनिट. घरच्या विजेचा एक युनिट एका लिटरच्या दहाव्या हिश्शात पडतो, तर ते झाले १८० लिटर. वाचले ६२०. इलेक्ट्रिक गाडी ४,००० लिटरांनी महाग आहे. ४,००० भागिले ६२०, साडेसहा वर्षं. गाडी आठ वर्षं ठेवणार, म्हणजे इलेक्ट्रिक फायद्यात. बरोबर ना? काय सुटलंय?

मीटर_रीडिंग:
लिटरची कल्पना झकास. पण पहिली चूक डिस्प्लेवर विश्वास ठेवण्याची. डिस्प्ले बॅटरीतून गेलेले युनिट मोजतो, बिल येतं भिंतीवरच्या मीटरचं. मध्ये ऑनबोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेला) आहे, तो घरच्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करताना तापतो. शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतली कंट्रोल युनिटं आणि कूलिंग पंप जागे असतात, ते २००-३०० वॉट खातात, मग तुम्ही २ किलोवॉटने चार्ज करा नाहीतर ७ ने. त्यामुळे साध्या सॉकेटवरून रात्रभर २ किलोवॉटने चार्ज केलं तर नुसत्या या जाग्या राहण्यातच दहा टक्क्यांहून जास्त जातं. ७ किलोवॉटला एकूण तूट १२ टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे डिस्प्लेवरचे १५ मीटरवर १७ होतात.

खात्री करायची तर चार्जिंगच्या लाइनवर वेगळा सब-मीटर बसवा. गाडी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा, ५०० किमी चालवा, परत फुल करा. सब-मीटरचे युनिट भागिले किलोमीटर. हाच आकडा खरा, बाकी सगळी जाहिरात.

दुसरी चूक मोठी आहे. तुम्ही शहर आणि हायवे एकत्र केलेत, पण दोन्ही गाड्यांचं गणित तिथे उलट्या दिशेने जातं. पेट्रोल इंजिन सिग्नलला उभं राहूनही पेट्रोल पितं आणि कमी लोडवर फार अकार्यक्षम असतं, म्हणून शहरात ॲव्हरेज पडतं आणि हायवेवर वाढतं. इलेक्ट्रिक गाडी उभी असताना मोटरला काही लागत नाही, ब्रेक दाबताना थोडी ऊर्जा बॅटरीत परत येते (यालाच रीजन म्हणतात), म्हणून शहर तिचं माहेर. हायवेवर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ९० वरून १२० ला गेलात की तो जवळजवळ पावणेदोनपट होतो, आणि तिथे रीजनला कामच नसतं.

तुमचेच आकडे फोडून:

शहर ८,४०० किमी. पेट्रोल १४ च्या ॲव्हरेजने ६०० लिटर. इलेक्ट्रिक मीटरवर १०० किमीला १५.६ युनिट, म्हणजे १,३१० युनिट, घरच्या दराने १३१ लिटर. वाचले ४६९.

हायवे ३,६०० किमी. पेट्रोल १८ च्या ॲव्हरेजने २०० लिटर. इलेक्ट्रिक बॅटरीतून १८ युनिट, फास्ट चार्जरवर १९ धरा (तिथे गाडीतला ऑनबोर्ड चार्जर वापरावाच लागत नाही, म्हणून तूट कमी), एकूण ६८४ युनिट. पण बाहेरचा युनिट घरच्यापेक्षा दोन-तीनपट महाग असतो. लिटरच्या चौथ्या हिश्शात धरला तर १७१ लिटर. वाचले २९.

एकूण ४९८. साडेसहा वर्षांची झाली आठ. सगळी कमाई शहरात, घरच्या प्लगवर आहे. हायवेवर जवळजवळ बरोबरी. ज्याला घरी चार्जिंगची सोय नाही आणि सगळं बाहेरच्या फास्ट चार्जरवर करायचंय, त्याने हा धागा इथेच वाचायचा सोडला तरी चालेल.

कडक थंडीच्या प्रदेशात अजून एक भर. पेट्रोल गाडीला हीटर फुकट असतो, इंजिनाची वाया जाणारी उष्णताच आत येते. इलेक्ट्रिकला ती विजेतून करावी लागते. साधा रेझिस्टन्स हीटर सुरुवातीला ३ ते ५ किलोवॉट ओढतो. शून्याखाली रेंज २० ते ४० टक्क्यांनी घटू शकते, आणि लहान-लहान फेऱ्या असतील तर सगळ्यात जास्त, कारण प्रत्येक वेळी थंड केबिन नव्याने तापवावी लागते. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा, कमी विजेत भागवणारा हीटर) असलेलं मॉडेल अशा ठिकाणी जास्तीच्या पैशांना लायक.

व्याजाचं_बघा:
मीटर_रीडिंग यांचा हिशेब पटला, पण दोघेही ४,००० लिटर खिशात पडूनच असल्यासारखे बोलताय. हा फरक कर्जातून जाणार असेल तर? ९ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत धरली तर ४,००० चे हप्त्यांतून ४,९८० होतात. वर्षाला ४९८ वाचत असतील तर वसुलीला दहा वर्षं. कर्ज नाही घेतलं तरी तो पैसा ठेवीत राहून काहीतरी कमावलाच असता, ते धरायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि पुनर्विक्री. बऱ्याच बाजारांत इलेक्ट्रिक गाडीचा भाव पेट्रोलपेक्षा वेगाने पडतो. बॅटरी झिजते हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे. २०१० ते २०२४ मध्ये बॅटरी पॅकचा दर युनिटमागे ९० टक्क्यांच्या आसपास उतरला. नवी गाडी स्वस्त आणि जास्त रेंजची निघाली की जुनीला कोण विचारतो? चार वर्षांनी विकायचा विचार असेल तर हीच रक्कम सगळ्यात मोठी, पेट्रोलची बचत नंतर. आठ-दहा वर्षं वापरून टाकणार असाल तर तिचा त्रास कमी.

निम्माशिम्मा:
हायब्रिडला (पेट्रोल इंजिन आणि जोडीला छोटी बॅटरी-मोटर) कुणी विचारतच नाही. शहरात-हायवेवर मिळून २२ चं ॲव्हरेज धरा, १२,००० किमीला ५४५ लिटर. वरच्या हिशेबात इलेक्ट्रिकचे ३०२ होतात. फरक फक्त २४३. म्हणजे हायब्रिड आणि इलेक्ट्रिकच्या किमतीत १,५०० लिटरांचं अंतर असेल तरी भरून यायला सहा वर्षं लागतात.

पाना_नंबर_तेरा:
सर्व्हिसचं मी लिहितो. "इलेक्ट्रिकला मेंटेनन्स नाही" हे शोरूममधलं वाक्य. निम्म्याच्या आसपास येतो असं धरा.

काय खरंच वाचतं: दर १०,००० किमीला किंवा वर्षाला साडेतीन-चार लिटर इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग (साधे असतील तर ३०-४० हजार किमीला, इरिडियम असतील तर लाख किमीला), मॅन्युअल असेल तर क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट असेल तर लाखभर किमीला येणारा त्याचा मोठा खर्च. शिवाय सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अल्टरनेटर, स्टार्टर, फ्युएल पंप ही म्हातारपणाची दुखणी नाहीत.

काय वाचत नाही: ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी ओढतं, गाडी कशावर चालते याच्याशी त्याचा संबंध नाही. केबिन फिल्टर, वायपर, सस्पेन्शनचे बुश तसेच. बॅटरीचं कूलंट कंपनीने सांगितलं तेच टाकायचं. काही गाड्यांत ते कमी वीजवाहक प्रकारचं असतं, तिथे दुकानातलं हिरवं कूलंट ओतलं तर गळती झाल्यावर इन्सुलेशन फॉल्ट (वीज नको तिथे झिरपतेय असा इशारा) येतो.

काय वाढतं: टायर. गाडी २००-३०० किलोंनी जड, टॉर्क पहिल्या क्षणापासून पूर्ण. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची जोडी लवकर जाते. दर ८-१० हजार किमीला टायर फिरवा, हवा महिन्यातून एकदा बघा, आणि बदलताना जास्त वजनाच्या रेटिंगचेच घ्या, नेहमीचे स्वस्त टायर बसवू नका.

दोन गोष्टी अशा की ज्या इलेक्ट्रिकमध्ये नकळत बिघडतात. एक ब्रेक. रीजनमुळे पॅड इतके कमी लागतात की डिस्कला गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. पॅड जाड, पण एकच बाजू खाल्लेली, हे दृश्य नेहमीचं. आठवड्यातून एकदा रीजन कमी करून रिकाम्या रस्त्यावर चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारा, वर्षातून एकदा पिना काढून ग्रीस करून घ्या. दुसरी १२ व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असते आणि गाडी मेलेली, कारण मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच) ओढायला १२ व्होल्टच लागतात. ती उतरली की दार नाही, स्क्रीन नाही, चार्जिंगसुद्धा नाही. ॲपवरून दिवसातून दहा वेळा गाडी "बघणारे" तिला प्रत्येक वेळी जागी करतात. चौथ्या-पाचव्या वर्षी बंद पडायची वाट न पाहता बदला.

विमा घेताना खालून लागलेला मार कव्हर होतो का ते वाचा. दगडाने पॅकचा पत्रा चेपला तर काही ठिकाणी दुरुस्ती नाही, थेट पॅक बदलायचं कोटेशन येतं. प्रीमियम जास्त असण्याचं हेही एक कारण.

सेल_बॅलन्स:
बॅटरीची भीती बहुतेकांना चुकीच्या बाजूने वाटते. तुमची ४० युनिटची बॅटरी एका पूर्ण चार्जमध्ये २६७ किमी जाते. आठ वर्षं म्हणजे ९६,००० किमी, म्हणजे ३६० पूर्ण सायकल. बॅटरीच्या सेलचे नेहमीचे दोन प्रकार: एलएफपी (लोह-फॉस्फेटचे) दोन-तीन हजार सायकल काढतात, एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे) हजाराच्या पुढे. चालवून बॅटरी संपवणं तुम्हाला जमणारच नाही. ती झिजते वयाने आणि उष्णतेने. सरासरीत वर्षाला दीड-अडीच टक्के, पहिल्या वर्षी थोडी जास्त. वॉरंटी बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर.

एनएमसी असेल तर रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा, १०० फक्त निघायच्या आधी. भरून उन्हात चार दिवस उभी ठेवणं सगळ्यात वाईट. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा १०० करा. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, त्यामुळे बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) किती उरलंय याचा अंदाज लागत नाही आणि मग १५ टक्के दिसताना गाडी बसते. लोक म्हणतात बॅटरी गेली, प्रत्यक्षात मोजमाप गेलेलं असतं.

पूर्ण पॅक मरणं दुर्मिळ. एखादं मॉड्यूल (सेलचा एक गट), कॉन्टॅक्टर, तापमानाचा सेन्सर, कूलंटची गळती हेच जास्त. म्हणून घेण्याआधी विचारा: मॉड्यूल सुटं बदलता येतं का? काही नव्या पॅकमध्ये सेल थेट चिकटवलेले असतात, तिथे एका सेलसाठी अख्खं पॅक उतरतं.

काटकसरी_किमी:
सगळं घालून परत मांडलं. इंधनाची बचत ४९८. सर्व्हिसच्या कोटेशनांतून वर्षाला ६० लिटर कमी, विम्यात ४० जास्त, म्हणजे निव्वळ २०. एकूण ५१८. घरी चार्जिंग पॉइंटला ३०० लिटर. कर्ज न घेता ४,३०० भागिले ५१८, ८.३ वर्षं. कर्ज घेऊन ५,२८०, म्हणजे १०.२ वर्षं. आठ वर्षांत बसत नाही. घरचा पॉइंट टाळून आहे त्या सॉकेटवर भागवलं तर?

पाना_नंबर_तेरा:
त्यात वाचवू नका. घरगुती सॉकेट तास-दोन तासांच्या इस्त्रीसाठी आहे, आठ तास सलग पूर्ण करंट घेण्यासाठी नाही. आतला स्क्रू जरा सैल असला की तिथे तापतं, प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. अगदीच वापरायचा असेल तर गाडीत करंट १० अँपिअरवर बांधून ठेवा. नीट काम म्हणजे ३२ अँपिअरसाठी बोर्डातून थेट वेगळी लाइन, किमान ६ चौरस मिमी तांब्याची वायर (अंतर लांब असेल तर १०), ४० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच), आणि डीसी गळती ओळखणारा पॉइंट असेल तर टाइप ए आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच), नसेल तर टाइप बी. स्वस्तातला टाइप एसी नको, डीसी गळती आली की तो आंधळा होतो. अर्थिंग मोजून घ्या. चार्जर लाल दिवा लावून बसतो त्यातल्या निम्म्या तक्रारी तिथल्याच.

मीटर_रीडिंग:
८.३ चा आकडा हलवायची किल्ली किलोमीटरमध्ये आहे. शहरात घरच्या विजेवर प्रत्येक किमीला ०.०५६ लिटर वाचतो. घरातल्या दुसऱ्या गाडीचं शहरातलं ६,००० किमी या गाडीवर आणलंत तर वर्षाला ३३५ लिटर आणखी. कर्जासकटसुद्धा ५,२८० भागिले ८५३, सव्वासहा वर्षांच्या आत. उलट वर्षाला ६-७ हजारच चालवणारा असेल तर त्याने पेट्रोल घ्यावं आणि गप्प बसावं.

सेल_बॅलन्स:
किंवा तीन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक घ्या. भाव पडायचा तो पहिल्या मालकाच्या खिशातून पडून गेलेला असतो, आणि पेट्रोलशी ४,००० चं अंतर बरंच मिटतं. फक्त ओबीडी (गाडीच्या संगणकाचे आकडे वाचणारं यंत्र) लावून स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे नव्याच्या तुलनेत किती टक्के क्षमता उरलीय ते बघा. त्या एका आकड्यावर थांबू नका, सेलमधला व्होल्टेजचा फरक पाहा: निम्म्या चार्जवर १०-२० मिलिव्होल्ट ठीक, ५० च्या पुढे शंका घ्या. एलएफपीमध्ये मात्र हा फरक मधे दिसत नाही, गाडी २० टक्क्यांच्या खाली आणूनच मोजा. मग १० टक्क्यांवर फास्ट चार्जरला लावा. बॅटरी कोमट असूनही सांगितलेल्या किलोवॉटच्या जवळ जात नसेल तर कूलिंग किंवा एखादं मॉड्यूल आजारी आहे. गाडी लिफ्टवर घेऊन पॅकचा तळ हाताने चाचपा, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का ते लेखी घ्या.