"फुकट आहे, बघायला काय जातं?" – व्हेअर विंड्स मीट सुरू करावा की नाही

जुना खेळाडू

आमच्या मित्रांच्या ग्रुपवर एकाने टाकलं: "व्हेअर विंड्स मीट आलाय, फुकट आहे, ग्राफिक्स बघून वेड लागेल. अजून डाउनलोड केला नसेल तर तुम्ही म्हातारे झालात. बघायला काय जातं?" खाली अंगठ्यांची रांग. एकानेही उलटा प्रश्न विचारला नाही. दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होणार नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

काय जातं ते सांगतो. सगळ्यात आधी शंभर जीबीच्या घरात जागा जाते. आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या लॅपटॉपला ५१२ जीबीचा एसएसडी असतो, त्यातच विंडोज, ऑफिसचं काम आणि पोरांचे फोटो. म्हणजे अर्धवट राहिलेला एखादा चांगला गेम उडवून याला जागा करून द्यायची. बरं, जागा परत तरी मिळते. वेळेचं काय? हा ऑनलाइन आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन इतरांसोबत नेटवर खेळायचा मोठा गेम. तो तासभर चाळून बाजूला ठेवायची गोष्ट नव्हे. सुरुवातीचे कितीतरी तास तो तुम्हाला नुसता शिकवत बसतो. मेनूच्या आत मेनू, चार-पाच प्रकारची चलनं, रोजची कामं, आठवड्याची कामं, सीझनचा पास. गेम आपल्याला आवडलाय का हे कळेपर्यंत त्यात इतका जीव ओतलेला असतो की सोडवत नाही.

आणि एवढं करून तो किती दिवस टिकणार? ॲमेझॉनचा न्यू वर्ल्ड हा ऑनलाइन आरपीजी आठवा. २८ सप्टेंबर २०२१ ला आला तेव्हा स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) एका वेळी नऊ लाखांच्या वर माणसं होती, लॉगिनच्या रांगेत अख्खी संध्याकाळ जायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने जाहीर केलं की यापुढे त्यात नवीन काही येणार नाही. ब्लू प्रोटोकॉल हा असाच दुसरा गेम जपानमध्ये जून २०२३ ला सुरू झाला आणि जानेवारी २०२५ ला बंद पडला. बाकीच्या जगाने तो बघितलाही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवीन ऑनलाइन आरपीजीला पहिलं वर्षभर हात लावू नये. फायनल फँटसी १४ चंच बघा ना. २०१० मध्ये आला तेव्हा इतका रद्दी होता की २०१२ च्या शेवटी बंद करून २०१३ मध्ये नव्याने आणावा लागला. आज त्याची फुकट आवृत्ती ७० व्या लेव्हलपर्यंत खेळता येते, वेळेची मर्यादा नाही. ज्यांनी वाट पाहिली त्यांचं काय बुडालं?

कोयनाकाठ

दादा, एवढं लिहिलंत, पण गेम स्वतः खेळलाय असं एका वाक्यातूनही जाणवत नाही. हा न्यू वर्ल्ड नाही. जगभर १४ नोव्हेंबर २०२५ ला आला हे खरं, पण चीनमध्ये तो डिसेंबर २०२४ पासून चालू आहे. तुमची वर्षभराची अट तिकडच्या लोकांनी आपल्या वतीने जवळपास पाळून झाली!

दुसरं, हा एकट्याने खेळता येतो. एकट्याचा मोड निवडला की कथा तुमची आणि जग तुमचं, कुणी मध्ये येत नाही. काळ दहाव्या शतकातला: पाच राजवंश पडतायत, सोंग घराणं उभं राहतंय. आपल्याला चीनचा इतिहास म्हटला की भिंत सोडून काही माहीत नसतं. कायफंग शहरात पहिल्यांदा शिरलो तेव्हा मी कथा बाजूला ठेवून नुसता बाजारातून हिंडत राहिलो. विद्या मिळवायची पद्धत तर मला फारच आवडली. जंगलात एक अस्वल ताई ची करत असतं, त्याच्याकडे बघून ती शिकायची आणि मग त्याच विद्येने नदीतले मासे हवेत उचलायचे. पैसे मागतात ते मुख्यतः कपड्यांचे आणि दिखाव्याचे. तलवारीची ताकद विकत घ्यावी लागत नाही.

पटलं नाही तर अनइन्स्टॉल करायचा. वर्षभर थांबायचं कशाला?

चौकस

@जुना खेळाडू, ब्लू प्रोटोकॉल बंद झाला, पण त्याच नावाने स्टार रेझोनन्स म्हणून दुसऱ्या कंपनीचा गेम आलाय. तेवढी दुरुस्ती. बाकी सहमत.

आता माझा मुद्दा. हा नेटईझचा गेम, म्हणजे चिनी. २ सप्टेंबर २०२० विसरलात का? एका संध्याकाळी सरकारची बंदी घातलेल्या ११८ ॲप्सची यादी आली आणि पबजी मोबाईल गेला. धाकट्या भावाने त्यात काय काय जमवलं होतं ते मला माहीत आहे, त्या रात्री तो जेवला नाही. मग बीजीएमआय (पबजीची भारतातली आवृत्ती) आला, तोही जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गायब, मे २०२३ मध्ये परत. ज्या गेमचं दार कधीही बंद होऊ शकतं त्यात शंभर-दीडशे तास का घालायचे? गेम चांगला की वाईट हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

रात्रपाळी

तुम्ही सगळे पुण्या-मुंबईचे दिसता. एकट्याचा मोड आहे म्हणता, पण त्यालाही इंटरनेट लागतंच ना? आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूला पावसाळ्यात लाईट गेली की टॉवरची बॅटरीही थोड्या वेळात मान टाकते. समोरच्याचा वार नेमक्या क्षणी परतवायचा आणि तेवढ्यात पिंग (सर्वरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) तीनशेवर. मग तुमचं कौशल्य घेऊन काय करू? व्हॅलोरंटला, काउंटर स्ट्राइकला मुंबईत सर्वर आहे. मोठ्या ऑनलाइन आरपीजीवाल्यांना मात्र आपण दिसतच नाही, बहुतेकदा सिंगापूर गाठावं लागतं. एकट्याने खेळायचा गेम ऑफलाइन का चालू नये, याचं उत्तर एकही कंपनी देत नाही. द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मार्च २०२४ मध्ये कंपनीने बंद केला तेव्हा पैसे मोजून घेतलेला गेम लोकांच्या हातून गेला. गेम असे बंद करण्याविरुद्ध युरोपात दहा लाखांवर सह्या झाल्या. आपल्याकडे कुणाला पडलीय?

मास्तर

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमवर कायदा आला ना? मग हे चालतंच कसं?

चौकस

मास्तर, तो पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे, रमी वगैरे. हे त्यात नाही. पबजी गेला तो वेगळ्या कायद्याने गेला.

अबोली

मी हा गेम खेळते. चांगला आहे. पण करावा का सुरू, हे विचारताना जागा, पिंग, चीन असं सगळं निघालं आणि माझ्यासाठी जो पहिला प्रश्न असतो तो कुणालाच सुचला नाही: माईक चालू केल्यावर काय होतं?

याआधीच्या एका ऑनलाइन आरपीजीत मी मराठी-हिंदी पोरांच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या टोळीत होते. मी हीलर, म्हणजे सगळ्यांचा जीव माझ्या हातात. मोठ्या बॉसच्या (ताकदवान शत्रूच्या) वेळी बोलावंच लागतं: डावीकडे सरका, आता एकत्र या, दहा सेकंद माझी विद्या नाही. पहिल्यांदा तोंड उघडलं आणि दोन सेकंद शांतता. मग "अरे मुलगी आहे रे". मग नाव, गाव, इन्स्टा. बॉस राहिला बाजूला. मी उत्तर दिलं नाही तर पुढच्या वेळी हरल्याचं खापर माझ्यावर. गिल्डच्या प्रमुखाला सांगितलं तर म्हणाला, मस्करी करतात गं, मनावर घेऊ नकोस. शेवटी मी माईक बंद ठेवून टाईप करत खेळायला लागले. हील करता करता टाईप करून बघा एकदा.

म्हणून मला या गेमचा एकट्याचा मोड फार मोलाचा वाटतो. आणि इतरांशी संबंध आलाच तर गेममध्ये वैद्याचा पेशा घेता येतो. खेळाडू आजारी पडतात, जखमी होतात आणि उपचारासाठी तुमच्याकडे येतात. माझ्याकडे परके लोक येतात, मी बरं करते, ते आभार मानून जातात. कुणी इन्स्टा मागत नाही.

सरदार_मावळ

ताई, सगळे तसे नसतात. आणि खरं सांगायचं तर मुलींना या गेममध्ये सगळं सोपंच जातं. वस्तू फुकट मिळतात, लोक लेव्हल वाढवून देतात. आम्हाला कुणी एक औषधाची बाटली देत नाही. त्याबद्दल कधी धागा निघत नाही.

अबोली

ताई म्हणायचं आणि गप्प बसवायचं, असं करू नका. वस्तू फुकट मिळतात हे मान्य. त्या परत मागायला कोण येतं आणि कशाच्या रूपात मागतं, ते तुम्हाला माहीत नाही. मला एकाने महागडी अंगठी दिली होती. दोन आठवड्यांनी "एवढं दिलं, साधा फोन नंबर देत नाहीस" म्हणून भर गिल्डच्या चॅटमध्ये शिव्या. अंगठी त्याच दिवशी परत पाठवली. शिव्या थांबल्या नाहीत.

सरदार_मावळ

तो एक नालायक निघाला म्हणून सगळ्यांना एकाच तराजूत तोलायचं? मी आमच्या गिल्डमध्ये नवीन पोरांना रात्र रात्र शिकवत बसतो, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. असं वाचलं की उबग येतो.

कोयनाकाठ

सरदार, तुम्हाला कुणी आरोपी केलेलं नाही. त्यांनी घडलेलं सांगितलं. तुमच्या गिल्डमध्ये मुली आहेत का? असतील तर माईकवर बोलतात का? तेवढं सांगा.

सरदार_मावळ

दोघी आहेत. बोलत नाहीत. माईक खराब आहे म्हणतात.

अबोली

दोघींचाही?

जुना खेळाडू

मंडळी, विषय गेम सुरू करावा का हा होता. गिल्डमधल्या वागणुकीवर वेगळा धागा काढा.

अबोली

हाच विषय आहे! तुम्ही वेळ जातो म्हणून लिहिलंत, मी माझा वेळ कशात गेला ते लिहिलं. ऑनलाइन आरपीजी म्हणजे त्यातली माणसं. माणसं वगळून तो करण्यासारखा आहे की नाही हे ठरवणार कसं? तुमच्या शंभर जीबीवर चर्चा चालते आणि माझ्या मुद्द्याला वेगळा धागा?

निवृत्त पण जागा

वय वर्षे चौसष्ट. मुलाने हा गेम लावून दिला. सगळ्यात सोप्या पातळीवर, कथेसाठी खेळतो, कारण बोटं आता तेवढी चपळ नाहीत. यातल्या काही पात्रांशी टाईप करून गप्पा मारता येतात, यंत्रच उत्तर देतं. इंग्रजी लिहायला मला वेळ लागतो, पण एका पात्राला त्याच्या दुःखाबद्दल विचारत विचारत मी त्याच्याशी मैत्री केली. मराठीत असतं तर रात्रभर बोललो असतो.

अबोली म्हणते ते मी माझ्या सुनेकडूनही ऐकलंय. ती दुसरा गेम खेळते, पुरुषी नाव घेऊन, माईक कायम बंद. घरात एवढी बोलकी मुलगी, आणि तिथे मुकी. मला ते फार लागलं. सरदार, तुम्ही शिकवता ते चांगलंच आहे. त्या दोघींना एकदा नीट विचारा.

मास्तर

पैशांचंही बोला. "कपड्यांचेच पैसे" म्हणे. माझ्या वर्गातल्या एका पोराने आजोबांच्या फोनवरून असल्याच एका फुकट गेममध्ये पेन्शनचे पैसे घातले. ताकद मिळत नव्हती, नुसता अंगरखा मिळत होता, तोही मिळेल की नाही नशिबावर. आजोबा शाळेत येऊन माझ्यासमोर रडले. यूपीआयचा पिन नातवाला माहीत, कारण आजोबांना टाईप करून देणारा तोच. दिखाव्याचे आहेत म्हणून निरुपद्रवी, हे मला अजिबात मान्य नाही. सातवी-आठवीच्या पोराला दिखावाच हवा असतो.

कोयनाकाठ

हे मान्य करावं लागेल. या गेममध्येही कपड्यांसाठी नशिबाची सोडत आहेच. ते मी घाईत "दिखाव्याचे" म्हणून उडवून लावलं, पण पोराच्या हातात देताना पैसे भरायचा रस्ता बंद करूनच द्यावा. मोठ्यांसाठी माझं मत तेच: कथेसाठी खेळा, दुकानाकडे फिरकू नका.

रात्रपाळी

आणि जनरेटर घ्या.

जुना खेळाडू

कोयनाकाठ, चीनमध्ये जवळपास वर्षभर आधीच चालू होता हा मुद्दा बिनतोड आहे, माझ्या नियमाला तिथे छेद गेला. तरी चौकसचा मुद्दा शिल्लक राहतोच, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नाही. न्यू वर्ल्ड मध्ये माझी जी टोळी होती त्यातले दोघं आता कुठे असतात तेही मला माहीत नाही. खरी नावं कधी विचारलीच नव्हती. गेम थकला की माणसंही जातात, म्हणून मी इतका अडून बसलोय. एकट्याचा मोड ठीक आहे, पण एकट्यानेच खेळायचं तर मी न संपलेले ऑफलाइन गेम आधी का संपवू नयेत? ते कुणी बंद करू शकत नाही आणि त्यांना रोजची हजेरी लागत नाही.

कोयनाकाठ

संपवा की. पण मग "कुणीच हात लावू नये" म्हणू नका, "मी लावणार नाही" म्हणा.

जुना खेळाडू

बरं. मी लावणार नाही.

सरदार_मावळ

काल रात्री विचारलं त्या दोघींना. माईक खराब नाहीत. जुन्या गिल्डमधून आलेल्या आहेत, तिथलं सांगितलं. इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्यातल्या एकानेही तसले मेसेज केलेत, त्याला काढला. मुलींना वस्तू फुकट मिळतात यावर मी अजून ठाम आहे, पण बाकीचं जाऊ द्या.

अबोली, आम्ही व्हेअर विंड्स मीट मध्ये नवीन गिल्ड काढतोय. वैद्य लागतील. माईकची सक्ती ठेवणार नाही.

अबोली

सक्ती नसणं पुरेसं नाही. माईक चालू केल्यावर कुणी नाव-गाव विचारलं तर त्याच दिवशी बाहेर, हे नियमांत लिहून वरती लावा. आणि त्या दोघींना विचारा, त्या येणार आहेत का. त्या आल्या तर मी बघते.

सरदार_मावळ

लिहितो. एक आलीय, दुसरी परीक्षा झाल्यावर सांगते म्हणाली.