दांबुलाचा सामना श्रीलंकेने जिंकला
श्रीलंकेतल्या दांबुलाला झालेल्या 2024 च्या महिला क्रिकेट आशिया चषकाच्या फायनलला आपण, म्हणजे भारत, गाफील राहिलो म्हणून हरलो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. टी-ट्वेंटीत आपले 165 काही कमी नव्हते, स्मृती मानधनाच्याच 60 होत्या. पण श्रीलंकेची कर्णधार चामरी अटापट्टूने 61 ठोकल्या आणि ती बाद झाल्यावर हर्षिता समरविक्रमाने नाबाद 69 करून आठ चेंडू राखून सामना काढला. याला खेळ म्हणतात! 2018 च्या याच चषकाच्या फायनललाही क्वालालंपूरमध्ये बांगलादेशनेही आपल्याला शेवटच्या चेंडूवर हरवलं होतंच.

आमच्या वेंगुर्ल्याकडे भात कापलेल्या कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) पोरी टेनिस बॉलवर खेळतात. त्यातली एक डावखुरी चामरीसारखीच पुढचा पाय बाजूला काढून मिडविकेटवरून उचलते. वाडीवाडीच्या टुर्नामेंटमध्ये मुलींचे सामने कधी ठेवणार, हे मंडळांना विचारायलाच हवं.