बटाट्याला माती मोठी की खत?

पठारावरचा
बेणं बाजारात आलं की खताच्या दुकानात एकच प्रश्न: एकरी किती गोण्या टाकू? जमीन कसली आहे, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते बटाट्याचं निम्म्याहून जास्त गणित रानातच ठरतं. आमच्या सातगाव पठारावर (ता. आंबेगाव) खरिपात पावसाच्या भरवशावर बटाटा येतो, तो रान निचऱ्याचं आहे म्हणून. झड लागली तरी वरंब्यात पाणी थांबत नाही. हेच बेणं खरिपात भारी काळ्या, चिबड म्हणजे पाणी साचणाऱ्या रानात लावा; जागेवर सडेल. तिथे कोणती गोणी वाचवणार?

खटावकर
दादा, पठारावर उभं राहून सगळ्या महाराष्ट्राचा निकाल लावू नका. आम्ही रब्बीत, मध्यम काळ्या रानात, ठिबकवर बटाटा घेतो. झडीचा प्रश्नच नाही, वर थंडीत बटाटा पोसतोही चांगला. काळी माती ओल धरते, पालाश (पोटॅश) धरते. तुमच्या मुरमाडात युरिया टाकला आणि पाऊस आला की नत्र खाली निघून जातं. म्हणजे खताचा हिशेब तुम्हालाच जास्त सांभाळावा लागतो.

पठारावरचा
म्हणून तर अर्धं नत्र लागणीला आणि उरलेलं भर लावताना, म्हणजे झाडांच्या बुंध्याला माती चढवताना देतो. पण तुमच्या काढणीचं बोला. रान आवळलं की ढेकळांत बटाटा वेडावाकडा होतो. सालीला माती चिकटलेली, व्यापारी लगेच भाव पाडतो.

हिशेबी
दोघांचंही ऐकलं. गोण्यांचा आकडा कुणीच मांडला नाही, म्हणून मांडतो. १०:२६:२६ म्हणजे शंभर किलो खतात नत्र १०, स्फुरद (फॉस्फरस) २६, पालाश २६ किलो. त्याच्या ५० किलोच्या चार गोण्या म्हणजे नत्र २०, स्फुरद ५२, पालाश ५२ किलो. हेक्टरी १००:६०:१२० हा डोस धरला तर एकरी साधारण ४०:२४:४८ बसतो. म्हणजे पालाश जमला, स्फुरद दुपटीहून जास्त गेलं आणि नत्र निम्मंच. मग लोक घाबरून वरून युरिया ओततात, तोही उशिरा. पाला माजतो, खाली गोल्टी, म्हणजे बारीक बटाटे. माती कोणतीही असो, हा घोळ खताचाच. माती परीक्षण करा की आधी!

करारवाली
वेफर्सच्या मालाला आणखी एक भानगड आहे. पोटॅशने वजन वाढतं हे खरं, पण एमओपीमध्ये (म्युरेट ऑफ पोटॅश, नेहमीचं पोटॅश खत) क्लोराइड असतं. ते जास्त झालं की बटाट्यात पाणी वाढतं, घट्टपणा कमी होतो आणि माल नापास. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडतं, तरी करारातल्या प्लॉटला मी तेच वापरते. खाण्याच्या बटाट्याला एवढे लाड करायची गरज नाही.

पठारावरचा
ताई, बरोबर. पण चुनखडीच्या रानात काय कराल? सामू (पीएच) चढा असला की सालीवर खरुजेसारखे खडबडीत डाग येतात. त्यात कुणी अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं तर विचारूच नका. ही खोड मातीची आहे, गोणीने जात नाही.

खटावकर
शेणखत कुजवून घालणं आपल्या हातात आहे, तो दोष जमिनीवर ढकलू नका. आणि बटाटे धरायला लागल्यापासून काही आठवडे ओल टिकवली तर हे डाग बरेच कमी राहतात. ठिबकवर ते जमतं. पावसावर बसणाऱ्याला कसं जमणार?

पठारावरचा
ठिबकवर जमतं, लाइट असली तर! तुमच्याकडे ती दिवसा येते का, तेवढं सांगा.