निगेटिव्ह रिपोर्ट, पण तापाचा कितवा दिवस?

‘एनएस१ निगेटिव्ह आलं म्हणजे डेंगू नाही, उगाच घाबरू नका’ असं डेंगूच्या रक्ततपासणीबद्दल एका पोस्टमध्ये लिहिलंय, ते मला पटत नाही. रक्त तापाच्या कितव्या दिवशी दिलं हे त्यात कुठेच नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं. एनएस१ हे डेंगूच्या विषाणूचंच प्रथिन. पहिले 4-5 दिवस ते रक्तात चांगलं सापडतं, मग कमी होत जातं. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, साधारण त्याच सुमारास दिसायला लागतात. त्यामुळे मधल्या एखाद्या दिवशी दोन्ही तपासण्या निगेटिव्ह येऊ शकतात. आधी डेंगू होऊन गेला असेल तर एनएस१ आणखी लवकर नाहीसं होऊ शकतं, आणि नेमका दुसऱ्यांदा होणारा डेंगूच जास्त गंभीर होण्याचा धोका असतो.

मागच्या पावसाळ्यात मानेवाड्याला माझ्या मावशीचं हेच झालं. सहाव्या दिवशी फक्त एनएस१ची कार्ड टेस्ट (झटपट होणारी तपासणी) केली, निगेटिव्ह. ताप उतरला होता, आम्ही सगळे निश्चिंत. रात्री पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वाढलेला पाहिला आणि लगेच भरती करून घेतलं. आयजीएम शोधणारी एलायझा ही लॅबमधली तपासणी दोन दिवसांनी पॉझिटिव्ह आली, तोवर सलाईननं ती सावरलीही होती. ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तासच डेंगूत सर्वांत नाजूक असतात, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. लॅबमध्ये जाताना ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते चिठ्ठीवर लिहून न्या, कृपा करून.