ऑफर : प्रस्ताव, देकार की नुसता निरोप?

रात्रपाळी : उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनांच्या कैद्यांच्या आठवणींवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि 'ऑफर' या शब्दापाशी अडलेय. १९८१ च्या उपोषणात लाँग केश तुरुंगात १० जणांचा मृत्यू झाला. पहिले चौघे गेल्यावर, जुलैच्या सुरुवातीला, ब्रिटिश सरकारकडून मध्यस्थामार्फत 'काहीतरी' आत पोचलं. रिचर्ड ओ'रॉ तेव्हा कैद्यांचे प्रसिद्धिप्रमुख. २००५ साली त्यांनी लिहिलं, की आम्ही आतल्यांनी ते पुरेसं मानलं होतं, संघटनेच्या बाहेरच्या नेतृत्वानं मोडता घातला. आतले प्रमुख मॅक्फार्लेन यांनी हे साफ नाकारलं. मी 'प्रस्ताव' लिहिलं. लेख तपासणाऱ्या मित्रानं ते खोडून 'चाचपणी' केलं. म्हणजे एका शब्दात त्यानं निकालच लावला की! काय लिहू?

काना_मात्रा : देकार. होकार, नकार, देकार. इतका सरळ शब्द असताना प्रस्ताव कशाला?

मुक्काम पोस्ट : देकार म्हटलं की मला पाइपखरेदीची निविदा दिसते. माणसं मरत होती हो तिथं.

काना_मात्रा : वापरलाच नाही तर निविदेतच राहणार ना तो! शब्दाचा काय दोष?

जुनी वही : आपल्याकडे मध्यस्थामार्फत जे चालतं त्याला कितीतरी शब्द आहेत. शब्द टाकणे, शब्द देणे, खडा टाकून पाहणे. ओ'रॉ यांच्या म्हणण्याप्रमाणे सरकारनं शब्द दिला होता, विरोधकांच्या मते नुसता खडा टाकला. वाद भाषांतराचा नाहीच, घटनेचा आहे. मित्राला म्हणावं, तुझं 'चाचपणी' ही एका पक्षाची साक्ष आहे. 'प्रस्ताव'ही तसाच, कारण त्यात कागद गृहीत धरला जातो. मी 'निरोप' लिहिलं असतं. निरोप आला हे दोघंही मान्य करतील. त्यात काय होतं, यावर भांडू देत.

रात्रपाळी : निरोप आवडला. पण 'चौघांच्या मृत्यूनंतर निरोप आला' हे वाक्य लिहून पाहिलं आणि अंगावर काटा आला. निरोप घेणंही त्यातच आहे ना.

मुक्काम पोस्ट : तुम्ही 'लाँग केश' लिहिलंत तिथेच बाजू घेतलीत. सरकारी कागदात तो मेझ तुरुंग. लाँग केश हे जुन्या विमानतळाचं नाव, कैद्यांनी ते सोडलं नाही.

तिरपागडे : आणि 'कैदी' चालतं? सगळं रामायण त्याच शब्दावरून झालं. १९७१ च्या ऑगस्टमध्ये खटल्याविना उचलले ते स्थानबद्ध. १९७२ पासून शिक्षा झालेल्यांना 'विशेष वर्ग' मिळाला, म्हणजे राजकीय कैद्यांसारख्या सवलती. तो १ मार्च १९७६ पासूनच्या गुन्ह्यांना बंद. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा होता. २९ तारखेला बाँब ठेवला तर विशेष वर्ग, दुसऱ्या दिवशी ठेवला तर चोरदरोडेखोरांच्या रांगेत! तुरुंगाचा गणवेश नको म्हणून अंगावर फक्त घोंगडी घेऊन बसले ते याच भेदावरून. मी सरळ राजबंदी लिहीन.

जुनी वही : सरकारनं 'राजकीय' हा शब्द टाळायलाच 'विशेष वर्ग' शोधला होता. तुम्ही तो राजबंदी केलात तर त्यांची सगळी मेहनत पाण्यात. गंमत म्हणजे उपोषणाच्या पाच मागण्यांतही 'राजकीय दर्जा' हे शब्द नव्हते. स्वतःचे कपडे, तुरुंगाचं काम नको, एकमेकांत मिसळण्याची मोकळीक, आठवड्याला एक भेट, पत्र आणि पार्सल, शिक्षेतली बुडालेली सूट परत. बस.

काना_मात्रा : बाकी सोडा, तुम्ही सगळे 'उपोषण' काय म्हणताय? उपोषण उष् धातूपासून, म्हणजे शरीर जाळणे, आणि ते आत्मशुद्धीसाठी. इथे प्रायोपवेशन हवं.

जुनी वही : उष् नाही हो. उप + वस्, जवळ राहणे. उपवासाचंच भावंड. उपोषित हे रूप बघा.

काना_मात्रा : आमचे संस्कृतचे सर उष्च सांगायचे. चाळीस वर्षं शिकवलं त्यांनी.

तिरपागडे : चाळीस वर्षं उष्च सांगत होते म्हणजे अवघड आहे. 😄

मुक्काम पोस्ट : प्रायोपवेशनात मरायचं ठरलेलंच असतं. यांना मागण्या हव्या होत्या. पण उपोषण म्हटलं की मोसंबीच्या रसाचा पेला घेऊन फोटो, हे आपल्या डोक्यात बसलंय हेही खरं. पहिला उपोषणकर्ता बॉबी सँड्स ६६ व्या दिवशी गेला, मधल्या काळात खासदार म्हणून निवडूनही आला. आयर्लंडच्या जुन्या कायद्यात अन्याय करणाऱ्याच्या दारात उपाशी बसायची रीत होती, 'ट्रॉस्कद' म्हणत. म्हणजे आपलं धरणंच! सावकारी व्यवहारातलं, दारात बसून धरायचं ते. मंडप घालून धरतात ते नव्हे.

रात्रपाळी : मित्रानं आणखी एक केलंय. १९८१ ला 'साखळी उपोषण' लिहिलंय.

तिरपागडे : अरे देवा. साखळीत एक उठतो तेव्हा दुसरा बसतो. इथे कुणी उठत नव्हतं.

जुनी वही : हो, पण टप्प्याटप्प्यानंच बसले ना? १९८० ला सात जण एकदम बसले होते. शॉन मॅकेना मरायला टेकला आणि १८ डिसेंबरला सगळंच आटोपलं. पुढच्या खेपेला सँड्स १ मार्चला एकटा, मग ठरावीक अंतरानं बाकीचे. याला मराठीत काय म्हणणार?

काना_मात्रा : क्रमोपोषण.

तिरपागडे : ह्याला कुणीतरी आवरा.

रात्रपाळी : लेख उद्या सकाळी द्यायचाय. तूर्त 'निरोप' ठेवते. आणि मित्राशी 'साखळी'वरून भांडते.

काना_मात्रा : देकारावर कुणीच नीट उत्तर दिलं नाही, हे नोंदवून ठेवतो.