मदत हवी आहे: टाकीतली दोन कासवं, एक परदेशी आणि एक आपल्या नदीतलं (नाशिक)

नमस्कार मंडळी,

गंगापूर रोडला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका काल कायमचे मुलीकडे राहायला गेले. जाता जाता काचेची टाकी आमच्या दारात ठेवून गेले, आत दोन कासवं. "वास्तूला चांगली असतात, असू द्या तुमच्याकडे." नको म्हणेपर्यंत टेम्पो गेटबाहेर.

पहिलं ओळखायला सोपं. डोळ्यामागे लाल पट्टा, मानेवर पिवळ्या रेघा. लाल कानाचं स्लायडर, मूळ अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. दुकानात दोन बोटांएवढं असतं, "एवढंच राहतं" म्हणून विकतात. हे वीतभर झालंय, टाकीत त्याला धड वळताही येत नाही. आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, हे विकणारा कधीच सांगत नाही.

झोप उडवलीय ती दुसऱ्याने. पाठीवर खवले नाहीत, नुसती तपकिरी कातडी. उचललं की मान आत, पाय आत, आणि पोटाच्या मागच्या बाजूच्या दोन झडपा मागच्या पायांवर दार लावल्यासारख्या मिटतात. हे मऊ पाठीचं कासव, अस्सल इथलं. काकांना फोन केला तर म्हणे एका मासेवाल्याकडून घेतलं, धरणाकडे जाळ्यात आलेलं. वन्यजीव कायद्यात हे अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला!

सल्ले भरपूर मिळाले. मेहुणे म्हणतात दोन्ही गंगापूर धरणात सोडून मोकळे व्हा. सासूबाई म्हणतात गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, रामकुंडात सोडा, पुण्य लागेल. स्लायडर नदीत सोडायचं पुण्य मला तरी नको. तिथल्या कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं दोन्ही बळकावतं, शिवाय काय रोग सोबत नेईल ते वेगळंच.

तर विचारायचं असं:

मऊ पाठीचं कासव वनविभागाकडे द्यायचं तर नेमकं कुठे आणि कसं? काका सत्तरीचे आहेत, त्यांच्यामागे लचांड लागेल का? स्लायडर कोण घेतं? आणि आमच्या भागातल्या एका मत्स्यालयाच्या दुकानात काउंटरखाली बादलीत अशीच मऊ पाठीची पिल्लं दिसतात. नाव पुढे न येता तक्रार करता येते का?

आगाऊ धन्यवाद.

गोदाकाठ:
आधी 1926 लावा, हॅलो फॉरेस्ट, वनविभागाची हेल्पलाइन. उद्यावर टाकू नका. कलम 39 प्रमाणे असा प्राणी ही सरकारी मालमत्ता, आणि ताब्यात आल्यापासून 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनअधिकाऱ्याला कळवावं लागतं. कसा आला ते खरं खरं लिहून द्या आणि पोच मागून घ्या. काकांचं काय होईल ते अधिकारी ठरवतील, पण लपवलेलं अंगाशी जास्त येतं. शिक्षा 3 ते 7 वर्षं आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान 25,000. स्वतः नेऊन सोडू मात्र नका. ते कुठल्या पाण्यातलं, आजारी आहे का, हे बघितल्याशिवाय सोडत नाहीत.

नांदूरची_पाणकोंबडी:
झडपा आहेत म्हणताय ना, मग बरोबर. झडपा नसत्या आणि पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके असते तर लीथचं कासव, म्हणजे मऊ पाठीचीच दुसरी जात, असण्याची शक्यता होती. तेही गोदावरीतलंच, पण आययूसीएनच्या (निसर्गरक्षणाची जागतिक संघटना) यादीत अतिसंकटग्रस्त, आणि 2022 मध्ये साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, घ्यायचं ठरलं. "एक कासव नेलं तर काय बिघडलं" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा: कासव वयात यायला वर्षं लागतात, अंड्यांतली बहुतेक मुंगूस-कोल्हेच खातात. सगळी भिस्त दरवर्षी अंडी घालणाऱ्या जुन्या माद्यांवर, आणि जाळ्यात नेमक्या त्याच मोठ्या सापडतात. 1990 च्या दशकात चीनच्या बाजारासाठी आग्नेय आशियातल्या नद्या अशाच रिकाम्या झाल्या.

स्लायडरला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, घरात लहान मूल असेल तर जास्तच. कासवांच्या अंगावरून येणाऱ्या साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूमुळे अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांखालची कासवं विकायला बंदी केली. युरोपने 1997 मध्ये स्लायडरची आयातच थांबवली. आपल्याकडे मात्र अजून वास्तूच्या नावाखाली खपतात.

धागाकर्ती:
1926 ला लावला. दुकानाचंही त्यांनाच सांगितलं, पत्ता लिहून घेतला. मऊ पाठीच्या कासवाला घ्यायला उद्या सकाळी माणूस येतोय, तोवर टबात थोडं पाणी आणि वर ओलं गोणपाट एवढंच ठेवायला सांगितलंय.

स्लायडरचं अजून अडलेलंच आहे. नाशिकात कुणाकडे बंदिस्त, नदी-नाल्याला न जोडलेलं पक्कं टाकं असेल आणि आयुष्यभर सांभाळायची तयारी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विकायचं नाही, फुकट देते. टाकी आणि फिल्टरसकट.