मदत हवी आहे: पश्चिमेची खिडकी बदलतोय, काच कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी, नेरूळला राहतो, बिल्डिंग १९९६ ची, हॉलची स्लायडिंग खिडकी आता अगदीच गेलीये, ट्रॅकमध्ये पाणी साचून भिंतीला ओल येते आणि दुपारी तीननंतर इतकं तापतं की आईला तिथे बसवत नाही. फॅब्रिकेटर म्हणतो यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) फ्रेम, डबल ग्लास घ्या आणि अर्धी खिडकी फिक्स करा, स्वस्त पडेल. मला हे पटत नाहीये. बीईईची (केंद्र सरकारच्या ऊर्जाबचतीच्या ब्युरोची) २०१८ ची इको निवास संहिता, म्हणजे घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे नियम, वाचली, ती नव्या बिल्डिंगांसाठी आहे हे मान्य, पण आपल्यासारख्या दमट हवेत उघडणारा भाग कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के हवा असं त्यात आहे, मग फिक्स कशाला? दोन ट्रॅकची स्लायडिंग ५० टक्केच उघडते, दारासारख्या पल्ल्याची ९० टक्के धरतात.

जुन्या फ्लॅटमध्ये कोणी कमी एसएचजीसीची (म्हणजे उन्हाची उष्णता कमी आत सोडणारी) सिंगल काच लावलीये का, उन्हात खरंच फरक पडतो? डबल ग्लासपेक्षा तीच बरी असं वाटतंय, कारण आपल्याकडे त्रास उन्हाचाच आहे. दुकानदार एसएचजीसीचा आकडा लेखी देतात का? आणि बाहेर ग्रिल आहे, तर पल्ले आत उघडणारे घेतले तर पावसाचं पाणी आत येतं का? प्लीज अनुभव सांगा, जूनच्या आधी काम उरकायचंय.